सॉकेटमधून वेब रिक्वेस्ट : ‘भातकुली’ किती बाइटची?

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पान उघडतं, कारण रिक्वेस्ट लिहिण्याचं काम ब्राउझर करतो. सॉकेट प्रोग्रामिंगमध्ये ते काम आपल्याकडे येतं. सॉकेट फक्त बाइट्स पोहोचवतो. ते कसे मांडायचे, हे एचटीटीपीचे नियम ठरवतात.

समजा, आपल्या सर्व्हरला तालुक्याचं नाव पाठवायचं आहे. रिक्वेस्ट अशी दिसेल (शेवटची ओळ सोडून बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करा) :

पोस्ट /तालुका एचटीटीपी/१.१
होस्ट: लोकलहोस्ट
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८
कंटेंट-लेंग्थ: २१
(रिकामी ओळ)
भातकुली

पहिली ओळ : काय करायचं, कुठे आणि कोणत्या आवृत्तीत. तिघांमध्ये एकेक जागा.

होस्ट : एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतात, म्हणून नाव सांगावं लागतं. १.१ आवृत्तीत हे सक्तीचं आहे; विसरलात तर ४०० क्रमांकाची एरर येते.

रिकामी ओळ : हेडरची प्रत्येक ओळ १३ आणि १० या दोन बाइट्सनी संपते. हेडर संपल्यावर हीच जोडी पुन्हा एकदा द्यायची. ती दिली नाही तर सर्व्हरला वाटतं, अजून हेडर यायचे आहेत. मग तो तुमची वाट बघतो, तुम्ही उत्तराची. प्रोग्राम तिथंच अडकतो.

आता २१ कुठून आले? ‘भातकुली’ दिसायला चार अक्षरं. पण युनिकोडमध्ये भ, काना, त, क, उकार, ल, वेलांटी असे सात कोड आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट घेतो. सात त्रिक एकवीस! पायथॉनमध्ये थेट ‘लेन’ लावलं तर ७ मिळतात. आधी ‘एन्कोड’ करून लावा, २१ मिळतील.

७ लिहिलं तर काय होईल? सर्व्हर सातच बाइट घेईल : ‘भा’चे सहा आणि ‘त’चा एक तुकडा. उरलेले १४ बाइट तो पुढची रिक्वेस्ट समजू शकतो. २१ पेक्षा जास्त लिहिलं, तर न आलेल्या बाइट्सची वाट बघत बसेल. इंग्रजी नावांत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिथं ही चूक लपून राहते. मराठीत लगेच उघडी पडते.

स्वाध्याय : ‘दर्यापूर’ मोजा. रफारात र आणि हलंत असे दोन कोड असतात, हे विसरू नका. उत्तर २४ आलं पाहिजे बरं!