साडेचार सेकंदांचं आयुष्य

गोळी रायफलच्या नळीतून बाहेर पडायला साधारण दीड मिलिसेकंद लागतो. म्हणजे तीन हजार गोळ्या झाडलेल्या नळीनं उभ्या आयुष्यात काम केलं ते जेमतेम साडेचार सेकंद! पण तेवढ्यात ती म्हातारी होते. दारू पेटल्यावर वायूचं तापमान पोलादाच्या वितळणबिंदूच्याही कितीतरी वर जातं, दाब वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट होतो. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढ्यात बारीक भेगा पडतात, गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा झिजतात आणि नेम बिघडतो. (नेमबाज स्वप्निल कुसळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्या प्रकारातली .22 काडतुसं त्या मानानं सौम्य. तिथे नळ्या कितीतरी जास्त टिकतात.)

मग नळी बदलायची. इथे सगळा जीव एका मापात असतो: मिटलेल्या बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून चेंबरमध्ये काडतुसाचा खांदा टेकतो तिथवरचं अंतर. ते तपासायला दोन गेज असतात. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटताच कामा नये. .308 काडतुसासाठी या दोघांतला फरक फक्त एक दशांश मिलिमीटर. अंतर कमी पडलं तर बोल्ट मिटत नाही, एवढंच. जास्त झालं तर पितळी पुंगळी ताणून बुडाजवळ फाटते आणि वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

पारंपरिक पद्धतीत कारागीर चेंबर थोडं थोडं कोरतो, गेज घालून पाहतो, पुन्हा कोरतो. कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड नंबर 4 मध्ये वेगळी शक्कल लढवली: नळीला हात न लावता बोल्टचं डोकंच बदलायचं. ही डोकी 0 ते 3 अशा क्रमांकांची, चढत्या लांबीची.

सर्वांत सुटसुटीत उत्तर मात्र निकोलस ब्रूअर यांचं. 1958 मध्ये आलेल्या सॅव्हेज 110 रायफलमध्ये त्यांनी नळीवर एक नट बसवला. चेंबर आधीच कोरलेलं असतं. गेज आत ठेवून बोल्ट मिटायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. आटे इंचाला वीस, म्हणजे एका फेऱ्यात नळी 1.27 मिलिमीटर सरकते. तो एक दशांश मिलिमीटर म्हणजे तासकाट्यानं एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जावं, साधारण तेवढं फिरवणं.

उद्देश होता उत्पादनखर्च वाचवण्याचा. नट दिसायला ओबडधोबड, म्हणून त्याला नावंही ठेवली गेली. रायफलवर नाव कंपनीचे संस्थापक आर्थर सॅव्हेज यांचं. ते तर 1938 मध्येच वारले होते. ब्रूअर यांना ओळखणारे थोडेच. पुढे इतर कंपन्यांनीही नट स्वीकारला, रुगर अमेरिकन हे त्याचं ठळक उदाहरण.

या रायफलींच्या अचूकतेचंही श्रेय काही जण नटालाच देतात, ते मात्र पटत नाही. नट अंतर जुळवतो. चेंबर वाकडं कोरलेलं असेल किंवा नळीचं भोक खडबडीत असेल, तर नट कितीही नीट आवळला तरी गोळ्या विखुरणारच.