निरक्षर वडीलधारी आणि शाळेत जाणारे मूल

लहानांनी मोठ्यांचा मान राखावा, हे वचन आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर रंगविलेले आढळते. परिपाठात त्याचा उच्चार होतो, आणि १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त गावातील एकदोघा वृद्धांना शाल-श्रीफळही दिले जाते. परंतु हा मान का राखावयाचा, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने केला तर आपण त्यास काय सांगतो? ‘ते वयाने मोठे आहेत म्हणून’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. वय वाढणे हे काही कोणाचे कर्तृत्व नव्हे. या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. येथे त्यांपैकी एकीचाच विचार करावयाचा आहे, कारण ती अडचण शाळेमुळेच उत्पन्न होते.

ज्या घरात आजी-आजोबा शाळेची पायरी चढलेले नाहीत, त्या घरातील मूल दुसरी-तिसरीत गेले की घरचा वाचक बनते. विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, मोबाईलवरचा संदेश, सारे आजी त्याच्यापुढे धरते. वडीलकी आणि ज्ञान आजवर एकाच बाजूला होते. आता ज्ञान, निदान मुलाच्या समजुतीप्रमाणे, त्याच्या बाजूला आले. अशा वेळी त्याच्या तोंडी ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द येतो. आजोबांनी अंगठा उठविताना ते हसते. हे हसू दुष्टपणाचे नसते. पण आजोबांच्या मनाला ते लागते, आणि पुढे मुलाच्या अंगवळणी पडते.

हा शब्द मुलाने कोठून उचलला? पुष्कळदा आपल्याच बोलण्यातून. ‘शिकला नाहीस तर आजोबासारखी गुरे राखीत बसशील’ हे वाक्य आपण शिक्षक मुलाला अभ्यासास प्रवृत्त करण्यासाठी सहज बोलून जातो. हेतू चांगला असतो. पण मूल त्यातून दोन गोष्टी शिकते : गुरे राखणे हलके, आणि आजोबा हलके. संध्याकाळी घरी जाऊन ज्यांच्या ताटाशेजारी बसावयाचे, त्यांच्याविषयीच आपण त्याच्या मनात तिरस्काराचे बी टाकलेले असते. ज्या घरात प्रथमच कोणी शिकत आहे, तेथे तर हे वाक्य कधीही उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी मुलाला कारण सांगावे. आज सत्तरीच्या घरात असलेली पिढी ज्या काळात शाळेत जाण्याच्या वयाची झाली, त्या १९६१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास होते. स्त्रियांत ते शेकडा १५ इतकेच होते. कित्येक वाड्यावस्त्यांवर शाळा नव्हती. जेथे होती तेथे मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी ठेवीत, आणि काही समाजांच्या मुलांना वर्गात मानाने बसू दिले जात नसे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो आजच्या नातीला लाभला, आजीला नाही. निरक्षरता हा आजीचा दोष नसून तिच्यावर झालेला अन्याय आहे, एवढे चौथीच्या मुलास नक्की समजते. आणि त्याच आजीने मजुरी करून नातीच्या आईला शाळेत घातले असेल, तर तेही वर्गात सांगण्यासारखे आहे.

यापुढची गोष्ट अशी की निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे. अपूर्णांकाचा पाठ घ्या. फळ्यावर वर्तुळे काढून एक द्वितीयांश, एक चतुर्थांश समजावताना आपली दमछाक होते. गावातील एखाद्या वृद्ध आजीला वर्गात बोलवावे आणि धान्याची जुनी मापे विचारावीत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायली पूर्ण धरली तर अधोली निम्मी, शेर पाव, मापटे आठवा भाग आणि चिपटे सोळावा भाग होतो. निमपट करीत जाण्याचा हा संपूर्ण पाठ आजीच्या हातात आहे. घरात जुनी मापे शिल्लक असतील तर ज्वारी ओतून तो डोळ्यांनीही पाहता येतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, मेट्रिक वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. तरी ‘चार आणे’ म्हणजे पंचवीस पैसे हा हिशेब जुन्या माणसांच्या जिभेवरून गेला नाही. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे पाढे ऐकून पाठ केलेल्या वृद्धांचा तोंडी हिशेब पाहून पाचवीची मुले वही खाली ठेवतात. त्या क्षणी आदर शिकवावा लागत नाही.

परिसर अभ्यासाचेही तसेच आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो स्त्रीपुरुष रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर राबले. सुकडी खाऊन दिवस काढल्याचे त्या वेळची माणसे आजही सांगतात. पुढे राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, त्यामागे हा अनुभव होता. आपल्या शाळेकडे येणारा रस्ता किंवा गावाबाहेरचा तलाव त्या वर्षीचा आहे काय, हे मुलांना घरी विचारून येण्यास सांगावे. ज्या रस्त्याने आपण सायकल चालवितो, त्याची खडी आपल्याच आजीने फोडली, हे ज्या मुलाला कळते, त्याला ‘मान का राखावयाचा’ याचे उत्तर निराळे द्यावे लागत नाही.

साक्षर तरुण आणि निरक्षर वडील यांचे नाते कसे असावे, याचे उत्तम उदाहरण खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करताना त्या ओव्या रचीत. त्या त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव, व एका नातलगाने लिहून ठेवल्या, आणि १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या पश्चात, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. मुलगा शिकला आणि त्याने आपली विद्या आईचे शब्द टिपण्याच्या कामी लावली. शाळेत न गेलेल्या या बाईंचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास आहे.

आता संबोधनाविषयी. आपल्या भाषेत आईला, आजीला आपण प्रेमाने ‘तू’ म्हणतो. त्यात अनादर नाही. पण तेच मूल दुसऱ्या वस्तीवरील वृद्ध मजुराला किंवा झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘ए, तू’ म्हणून हाक मारते, आणि सरपंचांच्या वडिलांना ‘अहो, तुम्ही’ म्हणते. हा भेद वयाचा नव्हे, जातीचा आणि पैशाचा आहे. यास आदर म्हणता येणार नाही. या बाबतीत उपदेशाने फारसे साधत नाही. नातवाचे नाव घालण्यास आलेल्या, अंगठा उठविणाऱ्या वृद्धास शिक्षक ‘या, बसा’ म्हणतात की दारातच उभे ठेवतात, हे सारा वर्ग पाहत असतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आदर म्हणजे प्रत्येक आज्ञेचे पालन नव्हे. आजोबा नातीचे लग्न अठरा वर्षांच्या आत ठरवीत असतील किंवा आजारी मुलाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेत असतील, तर ‘नाही’ म्हणणेच योग्य. आवाज न चढविता, त्यांना न हिणविता ‘नाही’ कसे म्हणावे, हे मात्र मुलांना शिकवावे लागते, आणि अशा प्रसंगी शिक्षकाने स्वतः त्यांच्या घरी जावे.

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकविले जाते, आणि १७ मार्च २०२४ रोजी राज्यात त्याची पहिली चाचणी झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळाच सुरू झाली. अशा वर्गांत नातवंडे आजीला अक्षरे गिरवून देतात, तेव्हा त्यांना आधी एक-दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. कापऱ्या हाताने काढलेल्या अक्षरास हसू नये. पुन्हा विचारल्यास कपाळाला आठी न घालता पुन्हा सांगावे. आणि एक अक्षर शिकविले की आजीकडून एक गोष्ट मागून घ्यावी : एखादी जात्यावरची ओवी, एखादी वनस्पती, मृगापासून स्वातीपर्यंतच्या पावसाची एखादी खूण.

यासाठी शाळेत एक जाड वही ठेवावी. वृद्धांना बोलवावयाचे ते लावणीच्या वा सुगीच्या दिवसांत नव्हे. आणि आल्यावर त्यांना सतरंजीवर न बसविता खुर्ची द्यावी, कारण गुडघे दुखत असतात. मुलांनी प्रश्न विचारावेत, उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवावे, प्रमाण भाषेत बदलू नये. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव लिहावे. नंतर लिहिलेले सारे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. काही चुकले असल्यास ते सांगतील, आणि ते मुलानेच त्यांच्यासमोर दुरुस्त करावे.