साठवणीचीं यंत्रें मिटावीं कशीं, उघडावीं कशीं

भिवंडी हें यंत्रमागांचें गांव. आज त्याभोंवतीं गोदामांच्याहि रांगा उभ्या आहेत. माल समोर असूनहि संगणकांतील नोंद सांपडली नाहीं, तर गाडी भरतां येत नाहीं. म्हणून अशी नोंद कांहीं ठिकाणीं तीन यंत्रांवर, तीन प्रतींत ठेवतात. त्याच यंत्रांच्या पोटांत अनेक आभासी संगणक चालतात.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. तशी वेळ आल्यास बॅटरीचा थोडा अवधि क्रमानें वापरावा. प्रथम नोंदी लिहिणारे आभासी संगणक मिटवावे, मग डेटाबेस. तिन्ही प्रती जुळल्याची खात्री करावी. गैरहजर यंत्राची प्रत दुसरीकडे रचूं नये, अशी आज्ञा समूहास द्यावी. मगच यंत्रें व शेवटीं जाळ्याचा स्विच बंद करावा.

उघडतांना क्रम उलटा. तिघांपैकीं दोन यंत्रांचा मेळ पडेपर्यंत साठवण खुली होत नाहीं. तेथें घाई करूं नये. एकटें यंत्र बळेंच चालविल्यास तें शिळी नोंदच खरी मानण्याचा संभव असतो. प्रती जुळल्यावर आज्ञा मागें घ्यावी, मग डेटाबेस व अखेर इतर संगणक उघडावे.

हा क्रम कागदावर लिहून यंत्रांपाशीं टांगावा. कारण संगणक मिटल्यावर त्यांतील टिपण वाचतां येत नाहीं.