सोयाबीन : आहार म्हणून उत्तम, औषध म्हणून नव्हे

मुंबई–हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान रसमडा हे स्थानक लागते. या पट्ट्यात खरिपात भाताबरोबर सोयाबीनही घेतले जाते; ताटात मात्र भात आणि बोरे-बासी यांचेच प्राबल्य असते. भिलाईतील मराठी कुटुंबांपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत हीच भातप्रधान आहारपद्धती दिसते. त्यामुळे 'सोयाबीनची पूड घेतल्यास साखर उतरते' हा दावा येथे सहज पटतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते.

नेमक्या याच अवस्थेतील व उपचार सुरू न झालेल्या आरंभीच्या मधुमेहातील रजोनिवृत्त स्त्रियांवर हाँगकाँगमध्ये सहा महिन्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८० स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटास रोज १५ ग्रॅम सोया प्रथिने व १०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, दुसऱ्यास दुधाची प्रथिने व आयसोफ्लेव्होन, तर तिसऱ्यास केवळ दुधाची प्रथिने दिली गेली. रक्तशर्करेच्या नियंत्रणात गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट, चेन्नई येथील २००६ च्या अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांनी मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

मग सोयाबीनचे स्थान कोणते? त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असून पिष्टमय घटक अल्प असतात. म्हणून ते भाताच्या वा पोळीच्या जोडीला 'वरून' घेण्यापेक्षा त्यांचा काही भाग कमी करून घ्यावे. ९ किलो गव्हात १ किलो प्रक्रिया केलेले सोयाबीन मिसळून दळल्यास २५० ग्रॅम पिठात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनांची भर पडते.

कच्चे सोयाबीन दळू नये. त्यातील ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांचे पचन रोखतात. स्वच्छ डाळ उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटे ठेवून, निथळून, कडक वाळवून मगच दळावी. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा 'एनआरसी १२७' हा वाण कुनिट्झ ट्रिप्सिन-रोधकापासून मुक्त असल्याने घरगुती वापरास विशेष उपयुक्त आहे.

पीठ विकणाऱ्या बचत गटांना विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगावी : वेष्टनावर 'मधुमेह बरा होतो' असे छापू नये. १९५४ च्या औषधे व जादुई उपायविषयक कायद्यानुसार अशी जाहिरात निषिद्ध आहे. 'प्रथिनयुक्त पीठ' हे सत्य विक्रीस पुरेसे आहे.

रुग्णांनी औषधे परस्पर बंद करू नयेत. मूत्रपिंडविकार असल्यास किंवा थायरॉइडच्या गोळ्या सुरू असल्यास सोयाबीन वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.