बटरक्रीमवरची नक्षी, रायपूरच्या उन्हाळ्यात

रायपूरहून मी पुन्हा तुमच्या भेटीला आलोय. मागच्या भागात केक भाजून झाला, आज त्यावर बटरक्रीमची नक्षी काढू.

"फौजेतला माणूस आणि केक?" असं बरेच जण विचारतात. आमच्या घरी केक बायको करायची. संधिवातानं तिची बोटं आखडली आणि पायपिंग बॅग दाबणं जमेना. तेव्हापासून हात माझे, हुकूम तिचा.

माझा पहिला केक नातीच्या वाढदिवसाचा, मे महिन्यातला. मी मेहनतीनं फुलं काढली. मेणबत्त्या लावेपर्यंत सगळी फुलं ताटात उतरली होती! बायको म्हणाली, "अहो, मोहिमेवर निघताना हवामान बघत नव्हता का?" बोलणं झोंबलं, पण खरं होतं.

लोण्यातली चरबी साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळते आणि मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. म्हणजे नक्षी हाताच्या कौशल्याइतकीच तापमानावर ठरते. पुणे, बेळगाव किंवा इंदूरला थोडी सवलत मिळेल, नियम तोच.

आधी क्रीम. बिनमिठाचं बटर २५० ग्रॅम, चाळलेली आयसिंग शुगर ५०० ग्रॅम, दूध एक-दोन चमचे. बटर बोट दाबलं तर खळगा पडेल इतकंच मऊ हवं, तेलकट चमक आलेली नको. नुसतं बटर पाच-सात मिनिटं फेटा, रंग फिका होतो. मग साखर तीन वेळा विभागून घाला. शेवटी चमच्यानं हळूहळू दाबत ढवळा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. हे टाळलंत तर नक्षीत भोकं दिसतात.

केकवर आधी पातळ थर द्या. त्यात केकचा चुरा अडकतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग जाड थर द्या, जवळजवळ एक सेंटिमीटर. नक्षी या थरातच कोरायची असते, तो पातळ असला तर खालचा केक उघडा पडतो.

आता तीन नक्ष्या, सोप्यापासून अवघडाकडे.

पहिली, चमच्याची लाट. चमच्याचं टोक थराला खालच्या कडेला टेकवा, टर्नटेबल सावकाश फिरवा आणि चमचा हळूहळू वर न्या. हात स्थिर ठेवा, केक फिरू द्या. वेग एकसारखा असला की लाट एकसारखी येते.

दुसरी, पाकळ्या. गोल नोझलनं उभ्या ओळीत ठिपके द्या. प्रत्येक ठिपका चमच्याच्या पाठीनं दाबून एका बाजूला ओढा. पुढची ओळ त्या ओढलेल्या शेपटांवर द्या, म्हणजे शेपटं झाकली जातात. दर वेळी चमचा पुसायचा, हे विसरू नका.

तिसरी मला बस्तरमुळे सुचली. कोंडागावचे ढोकरा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळतात. वर मातीचा लेप देऊन भट्टीत तापवतात. मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी धातू ओततात. पितळी हत्तीच्या अंगावर दिसणाऱ्या रेघा म्हणजे ते मेणाचे धागे. तसंच बारीक गोल नोझलनं क्रीमचे धागे शेजारी शेजारी बसवा. क्रीममध्ये थोडा कोको घातला तर रंगही जुळतो. बॅगेत एका वेळी दोन-तीन चमचेच क्रीम भरा, कारण तळहाताच्या उबेनं ते पातळ होतं. धागा पसरू लागला की थांबा, बॅग दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

पावसाळ्याची अडचण वेगळी. कोरड्या हवेत या क्रीमवर थोड्या वेळात पातळ पापुद्रा धरतो आणि नक्षी टिकते. दमट हवेत साखर ओलावा ओढते, पापुद्रा नीट धरत नाही. त्या दिवसांत दूध घालूच नका आणि बारीक नक्षीऐवजी लाट काढा.

फौजेतली सवय म्हणून मी वेळापत्रक लिहितो: पहाटे पाचला क्रीम, सहाला नक्षी, मग सरळ फ्रीज. कापायच्या वीस मिनिटं आधी केक बाहेर.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. चमच्याच्या लाटेला बॅग दाबावी लागत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. चमच्याच्या दांड्याला मी कापड गुंडाळून तो जाड केला आणि बायकोच्या हातात दिला. टर्नटेबल मी फिरवलं. यंदा नातीच्या केकवरची लाट तिच्या आजीनं काढली. थोडी वाकडी आली, पण कुणी सरळ करायची नाही, असा हुकूम आहे.

तुमच्याही घरी असे थांबलेले हात असतील, तर त्यांना चमचा देऊन बघा. भेटू पुढच्या भागात.