पाहुणा उतरवायचा कुठे? – गावातल्या लहान हॉटेलाची कल्पना



आपल्या भागात 'हॉटेल' म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? पुढे भट्टी, भट्टीवर चहा, परातीत भजी, आणि बाकावर एकच पेपर वाटून घेऊन वाचणारे चार जण. तिथे माणूस खातो-पितो, गप्पा मारतो, राहत मात्र नाही. राहायचे ठिकाण ते लॉज, आणि लॉजचे नाव काढले की बायामाणसे नाक मुरडतात. या दोहोंच्या मधली एक गोष्ट असते, ती आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पाच-आठ खोल्यांचे, स्वच्छ, परवडणारे, गल्लीतल्या सर्वांच्या ओळखीचे आणि ज्या गावात आहे त्या गावासारखेच दिसणारे मुक्कामाचे हॉटेल. ते कसे उभे राहते आणि कसे चालते, हे या लेखात समजावून सांगावे असा विचार आहे.

विषय निघाला तो एका लग्नावरून. आमच्या एका सभासदाच्या घरी मुलीचे लग्न होते. वऱ्हाडाची सोय शाळेच्या वर्गात केली, सतरंज्या टाकल्या, ते निभावले. पण पुण्याहून लहान लेकरू घेऊन आलेली पुतणी आणि तिचा नवरा रात्री जेवून चिखलीला मुक्कामाला गेले आणि सकाळी अक्षतांच्या वेळेस कसेबसे परत आले. यजमानाच्या मनाला ते लागले. "घर एवढं मोठं, अन् पोरीला गावात टेकायला जागा नाही," असे ते बोलून गेले. त्यांच्याच शेजारचा वाडा चार वर्षांपासून कुलूपबंद आहे, हे आम्ही त्यांना त्या वेळी बोललो नाही.

लॉजचा अनुभव आम्हालाही आहे. एका बैठकीनिमित्त एका मोठ्या गावी रात्र काढावी लागली. गादीत ढेकूण, न्हाणीत बादली फुटकी, आणि पाणी फक्त सकाळी सहा ते सात. भाडे मात्र रोख आगाऊ. पैसे गेल्याचे दुःख नाही. त्या रात्री आपण कोणत्या गावात आहोत हे काही केल्या कळत नव्हते, याचे नवल वाटले. तीच खोली अकोल्यात असती काय, जालन्यात असती काय, काही फरक नव्हता.

याच्या उलट उदाहरणे महाराष्ट्रात आहेत आणि ती जुनी आहेत. मूकपटांच्या काळातले निर्माते-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर 'पूना गेस्ट हाऊस' सुरू केले. भर बाजारपेठेत राहण्याची सोय आणि सोबत मराठी पद्धतीचे जेवण. नाटक-सिनेमातल्या मंडळींची तिथे ऊठबस असे आणि पुढच्या पिढीनेही ते नावारूपाला ठेवले. तिथे संगमरवर पाहायला कोणी जात नसे. पुण्यात आल्यासारखे वाटावे म्हणून लोक तिथे उतरत.

दुसरे उदाहरण कोकणातले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूला घरोघरी दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी तयार झाल्या. पर्यटन खात्याची 'न्याहारी व निवास' योजना अशाच घरांसाठी आहे. मालक मागच्या घरात राहतो, पुढच्या दोन खोल्या पाहुण्याला. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी माशाचे जेवण, तेही घरातल्या माणसांसाठी शिजते तेच. वेगळा आचारी नाही, गणवेशातला पोऱ्या नाही, म्हणून दर कमी ठेवता येतो. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मोठे हॉटेल छाटून लहान केले म्हणजे ते स्वस्त होत नाही. ज्या सोयी गावात आधीच आहेत त्या पुन्हा उभारायच्या नाहीत, यातून लहान हॉटेल स्वस्त होते. शेजारी खाणावळ आहे, मग स्वयंपाकघर कशाला? कोपऱ्यावर चहाचे दुकान आहे, मग खोलीत चहा देण्याचा खटाटोप कशाला? परीट आहे, रिक्षावाला आहे, दूधवाला आहे. यांना धरूनच ते हॉटेल चालते.

आता थोडे दूरचे उदाहरण. १९७६ च्या मे महिन्यात इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला. डोंगरातली खेडी पडली. घरे पुन्हा बांधली गेली, पण पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी बाहेर निघून गेली होती, ती काही परतली नाहीत. बांधलेली घरे रिकामी. मग यांचे करावे काय, या विचारातून 'विखुरलेले हॉटेल' ही कल्पना निघाली. जानकार्लो दाल्लारा या गृहस्थांनी ती पुढे वाढवली. एक खोली या गल्लीत, दोन त्या गल्लीत, कोणाच्या माडीवर एखादी. नोंदणीचा टेबल मात्र एकच, चादरी एकाच ठिकाणी धुतल्या जाणार आणि दर सर्वांचा ठरलेला. सार्डिनिया बेटाने १९९८ साली या प्रकाराला कायद्यात जागा दिली. पुढे काही ठिकाणी ही कल्पना फार महाग होऊन बसली आणि श्रीमंतांची हौस झाली, ते आपल्या उपयोगाचे नाही. पण मूळ रचना पाहा. आम्हाला ती वाचताच ओळखीची वाटली.

आपला साखर कारखाना स्वतः ऊस पिकवतो काय? ऊस सभासदाच्या शेतात उभा असतो. कोणाचा दोन एकर, कोणाचा अर्धा. चिटबॉय नोंद घेतो, तोड ठरते, गाडी काट्यावर येते. शेते विखुरलेली, काटा एक. विखुरलेल्या हॉटेलात उसाच्या जागी खोली आहे, एवढाच फरक. ज्यांनी सहकाराचा हा व्यवहार केलेला आहे त्यांना हे हॉटेल समजावून सांगायला पाच मिनिटेही लागू नयेत.

आणि धोकाही तोच आहे. सरासरी उताऱ्यावर भाव ठरतो, तेव्हा एकाने पाचट आणि माती भरलेली मोळी पाठवली तर झळ सर्वांना बसते. इथेही तसेच. आठ खोल्यांपैकी एका खोलीत पाहुण्याला मळकी चादर मिळाली, तर तो 'अमक्याची खोली वाईट' असे म्हणत नाही, 'साखरखेर्ड्यात राहू नका' असे सांगत सुटतो. म्हणून चादरी, झाडलोट आणि पाणी ही तीन कामे घरमालकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. ती टेबलावरच्या माणसाच्या हाती असली पाहिजेत आणि त्याने नापास केलेली खोली त्या दिवशी बंद राहिली पाहिजे, मग ती अध्यक्षांच्या घरची का असेना.

हिशेब करून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा आठ खोल्या आहेत, भाडे रात्रीला ६०० रुपये, आणि वर्षाच्या सरासरीने रोज तीनच खोल्या लागतात. याहून जास्त धरू नये, लग्नसराई बाराही महिने नसते. महिन्याला ९० मुक्काम झाले, म्हणजे ५४,००० रुपये. मुक्कामामागे ३५० घरमालकाला, १५० झाडलोट व धुलाईला, १०० टेबलाला असे वाटले, तर मालकांचे ३१,५००, धुलाईचे १३,५०० आणि टेबलाचे ९,००० होतात. एका खोलीमागे मालकाला महिना सुमारे ३,९०० रुपये. संडास-न्हाणी, पंखा, गाद्या यांना ८०,००० खर्च आला असे धरले तर तो फिटायला वीस-एकवीस महिने लागतील. या पैशात कोणी बंगला बांधणार नाही. पण पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी हे पैसे पावसावर अवलंबून नसतात.

या हिशेबातली खरी गोम टेबलाच्या ९,००० रुपयांत आहे. तेवढ्यात पूर्ण वेळेचा माणूस ठेवता येत नाही. म्हणून नवे ऑफिस, नवी पाटी, नवी खुर्ची या भानगडीत पडूच नये. किराणा दुकान, मेडिकल, पतसंस्था असे जे आधीच रात्री उशिरापर्यंत उघडे असते, तिथेच वही आणि किल्ल्या ठेवाव्यात. पुष्कळ चांगल्या योजना इमारत बांधता बांधताच संपलेल्या आपण पाहिल्या आहेत. असो.

कोण येऊन राहणार, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही एका म्हाताऱ्या सभासदाला हे सांगितले तर ते हसले. "भाऊ, इथं कोन येऊन राह्यते? हे का महाबळेश्वर हाय का?" त्यांचे बरोबर आहे. साखरखेर्डा महाबळेश्वर नाही, आणि तसे सोंगही आणू नये. असल्या हॉटेलाचे पहिले गिऱ्हाईक गाव स्वतःच असते. लग्नाचे पाहुणे, दहाव्या-तेराव्याला आलेले नातेवाईक, दिवाळीला येणारी पण इथले घर पडून गेलेली मुंबई-पुण्याची मंडळी, नव्याने बदलून आलेले गुरुजी, तपासणीला आलेले बँकेचे साहेब, औषध कंपनीचा माणूस. पलसिद्ध महाराजांच्या मठात आणि प्रल्हाद महाराजांच्या समाधीला येणारे भाविक आहेतच. एवढ्यावर तीन खोल्या भरतात की नाही, याचा अंदाज आपापल्या घरच्या पाहुण्यांची मागच्या वर्षाची आठवण काढून कोणीही करू शकेल.

दूरचा प्रवासी त्यानंतर. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी १२ जानेवारीला लोटणारी गर्दी आपण दरवर्षी पाहतो. लोणारचे सरोवर, उल्का आदळून झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर, २०२० साली रामसर यादीत गेले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये उरलेला रस्ताही पुरा होऊन तो मुंबईपर्यंत पोहोचला. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. पण गाड्या इतक्या वेगाने जातात की आपला जिल्हा केव्हा आला आणि केव्हा गेला, हे आत बसलेल्याला समजतही नाही. थांबायला कारण आणि जागा दोन्ही लागतात. कारण आपल्याकडे आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच साखरखेर्ड्याजवळ निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला, आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया त्या लढाईने पक्का झाला. गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवण्याचा प्रयत्नही झाला, पण लोकांच्या तोंडी साखरच राहिली. इतिहासाची पुस्तके वाचणारा माणूस हे रणांगण शोधत आला तर त्याला दाखवायला कोणी नाही आणि झोपायला जागा नाही.

खोलीला रूप कोठून आणायचे, याची काळजी नको. जुनी धाब्याची घरे, जाड भिंती, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत देवळ्या, पुढे ओसरी. मे महिन्यात त्या खोलीत जो गारवा असतो तो सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा लावूनही मिळत नाही. आपण ती पाडून स्लॅब टाकतो आणि मग उकडते म्हणून माळवदाची आठवण काढतो. अशा खोलीला प्लास्टिकची फुले आणि गुलाबी रंग लावू नये. लावायचीच तर दोन गोष्टी लावाव्यात, संडास-न्हाणी आतून आणि दाराला आतून चांगली कडी. जेवणाला ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, एखाद दिवशी वरण-बट्टी नाही तर रोडगे. पनीर ज्याला हवे त्याने नागपुरात खावे!

आता अवघड भाग. आपल्याकडे पुष्कळांना पाहुण्याकडून पैसे घेणे जड जाते. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या बाजूने येते, तेव्हा वारकऱ्यांना जेवू घालायला घरोघर चढाओढ लागते. त्या हातांनी भाडे कसे मागायचे? एका भगिनीने आम्हाला हेच विचारले. आम्हाला वाटते, घरचा पाहुणा आणि मुक्कामाचा उतारू हे वेगळे धरावेत. शेगाव संस्थानाच्या भक्तनिवासात ठरलेले शुल्क घेतात, पावती देतात, आणि तिथली स्वच्छता पाहून कोणी म्हणत नाही की संस्थान धंदा करते. उलट फुकटच्या सोयीत पाहुणा संकोचतो, दुसऱ्यांदा येत नाही. आणि टेबल वेगळा ठेवला की पैसे यजमानीणबाईंना हातात घ्यावेही लागत नाहीत, महिन्याला खात्यावर जमा होतात.

कागदपत्रांचे थोडक्यात. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव-पत्ता आणि ओळखपत्राची नोंद वहीत हवी. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. शेतावर खोली काढायची असेल तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्याची माहिती पर्यटन खात्याकडून मिळेल.

सर्वांत मोठी अडचण मात्र कागदाची असूनही भावकीची आहे. आम्ही सहज म्हणून गावातल्या बंद घरांची मोजदाद सुरू केली, तेव्हा पहिल्याच गल्लीत अडकलो. घर एक, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नावे तीन, एक भाऊ गावात, एक नाशिकला आणि तिसऱ्याशी बोलणे बंद. कुलूप कोणी लावले यावर वाद नाही, ते कोणी उघडायचे यावर आहे. अशा घराला भाडे सुरू झाले की वाटणीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी दारात येईल. तेव्हा सुरुवात एकाच नावावरच्या आणि रस्त्याकडे स्वतंत्र दार असलेल्या खोल्यांपासून करावी. अशी खोली ज्यांच्याकडे असेल त्यांनी नमुना आठचा उतारा घेऊन गट ऑफिसात नाव नोंदवावे. पाच नावे झाली की सर्वांनी मिळून एक रात्र एकमेकांच्या खोल्यांत झोपून पाहायचे ठरले आहे.