‘मणक्यात गॅप’ समजून मान चोळून घेताय? आधी हे वाचा

मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात. कळंबमध्ये काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, लोक एकच सांगतात, “मणक्यात गॅप असेल, मान बसवून घे.” बहुतेकदा दुखणं साधंच असतं. पण क्वचित कारण कवटीच्या तळाशी असतं आणि तिथं मान मोडून घेणं महागात पडू शकतं.

नेमकं होतं काय?

कवटीच्या तळाला एक मोठं छिद्र असतं. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू त्यातूनच खाली उतरतो. मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखं टोक असतं. ते वर सरकून या छिद्रात घुसलं की मेंदूचा देठ दाबला जातो. याला म्हणतात ‘बॅसिलर इनव्हॅजिनेशन’. दोष बऱ्याचदा जन्मजात असतो, त्रास मात्र पुढे हळूहळू वाढतो. कधी पडल्याचं निमित्त होतं.

कशावरून ओळखायचं?

चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं, गिळताना ठसका लागणं. काहींची मान आखूड किंवा तिरकी असते. साध्या एक्स-रेत हे निसटू शकतं. हाडं सीटी स्कॅनमध्ये दिसतात, मज्जारज्जूवरचा दाब एमआरआयमध्ये.

उपचार काय?

पूर्वी अनेकदा तोंडातून शिरून ते टोक काढायचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी वेगळी वाट काढली. पहिले दोन मणके प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत त्यांनी डॉ. लाहेरींसोबत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००४ मध्ये त्यांनी याच आजारासाठी पुढचं पाऊल मांडलं. मानेच्या मागून जायचं, सांधे फाकवायचे, मणके पक्के करायचे, म्हणजे टोक खाली येतं. जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ मध्ये स्क्रूच्या पद्धतीत बदल केले. म्हणून जगभर तिला ‘गोयल-हार्म्स तंत्र’ म्हणतात.

ऑपरेशन जोखमीचं आहे, कारण मेंदूला रक्त नेणारी धमनी अगदी शेजारून जाते. नंतर मान वळवणंही कमी होतं. पण उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

मग करायचं काय?

वरची लक्षणं असतील तर मालिश आणि मान मोडणं बंद. अंबाजोगाई, लातूर किंवा सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.